दोन तोंडांचं ठिगळ

म्हशीला दुसऱ्या म्हशीचं शिंग लागलं की पुष्कळदा वरची कातडी शाबूत राहते आणि आतला स्नायू फाटतो. मालक सांगतो, "मॅडम, पोटाला गाठ आलीय." हात लावला की कळतं, आतडं आहे. दाबलं की आत, सोडलं की बाहेर. अंतर्गळ, म्हणजे हर्निया. वासरांना बेंबीपाशी होतो तोही याच घराण्यातला, बहुतेकदा जन्मापासूनचा. भोक लहान असलं तर टाक्यांवर भागतं. तळहाताएवढं असलं तर कडा ताणून आणाव्या लागतात, आणि ताणून आणलेल्या कडा, तेही चार-पाचशे किलोच्या जनावराच्या पोटाखाली, फार काळ धरून राहत नाहीत. तिथे ठिगळ लागतं.

माणसांच्या सर्जरीतही हिशेब हाच आहे. पोटाच्या ऑपरेशनच्या जुन्या चिरेतून आलेल्या अंतर्गळाच्या रुग्णांचा एक डच अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या टाक्यांनी शिवलेल्यांपैकी 43 टक्के जणांना तीन वर्षांत तो पुन्हा झाला, जाळी बसवलेल्यांपैकी 24 टक्के जणांना. जाळीचा फायदा उघड आहे. महाग पडते, एवढीच तक्रार असते, आणि त्यावर उत्तर आपल्याकडेच निघालेलं आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जांघेतल्या अंतर्गळाला वापरलं आणि 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. पुढे युगांडात स्वस्त जाळी आणि कंपनीची जाळी यांची रीतसर तुलना झाली. 2016 मध्ये निकाल आला, तेव्हा वर्षभरानंतर पुन्हा अंतर्गळ होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तालुक्याच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून काम करताना मला ही गोष्ट फार आधार देऊन जायची.

पण जांघेत जाळी बसते ती पोटाच्या आतल्या पडद्याच्या बाहेर. जाळी आणि आतडं यांच्यामध्ये हा पडदा, पेरिटोनियम, शाबूत असतो. शिंग लागलेल्या म्हशीत तो पुष्कळदा स्नायूबरोबरच फाटलेला असतो. तिथे जाळी लावली की ती थेट आतड्यासमोर येते. आधी जाळी बसवलेली एक म्हैस वेगळ्या तक्रारीसाठी पुन्हा उघडावी लागली, तेव्हा आत हात घातल्यावर जाळी कुठे संपते आणि आतडं कुठे सुरू होतं ते बोटांना सापडेना. सोडवायला गेलं की आतडं फाटणार. जाळी होती मात्र भक्कम, जागची हललेली नव्हती.

पुढे पीएच.डी.साठी कॉलेजात परत आले तेव्हा मी माझ्या मार्गदर्शक सरांपुढे हीच म्हैस मांडली. मला जास्त मजबूत, जास्त टिकाऊ, शरीराला मानवणारं ठिगळ करायचं होतं. सर म्हणाले, "ताकदीचं सोड. ताकद मच्छरदाणीलाही आहे. आतड्याकडची बाजू कर."

ती बाजू म्हणजे काय, हे समजून घेण्यात पहिले काही महिने गेले. पोटाच्या आतून, आणि आतड्यांवरूनही, जो चकचकीत ओला पडदा असतो त्याचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेसोथेलियल पेशींचा एकच पदर. एकावर एक नाही, फक्त एक. माणसात या पडद्याचं क्षेत्रफळ अंगावरच्या कातडीच्या जवळपास जातं. पेशी फरशीसारख्या एकमेकींना लागून, त्यांच्या माथ्यावर बारीक लव, आणि वर त्यांनीच पाझरवलेलं बुळबुळीत वंगण. आतडी आयुष्यभर एकमेकांवरून सरकत राहतात ती या वंगणावर. शिवाय या पेशी एक प्रथिन सोडतात, ज्यामुळे साचलेलं फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना होणारे प्रथिनाचे धागे, विरघळतं. पोटात कुठेही खरचटलं की काही तासांत तिथे फायब्रिनचा चिकट साका येतो. शेजारचं आतडं त्याला लागतं. पेशी जागेवर असल्या तर तो साका पहिल्या काही दिवसांत विरघळून जातो. त्या खरवडल्या गेल्या असल्या तर विरघळवणारं कोणी उरत नाही, त्या साक्यात तंतू विणणाऱ्या पेशी शिरतात, रक्तवाहिन्या येतात, आणि कच्चा चिकटा पक्का होतो. सर्जन त्याला अ‍ॅडहेजन म्हणतात. पोटाचं ऑपरेशन झालेल्या बहुतेक माणसांत ते थोडेफार सापडतात. पुष्कळांना त्याचा पत्ताही लागत नाही, काहींची मात्र वर्षांनंतर आतडी अडकतात.

याच वाचनात मला दोन जुनी माणसं भेटली. हर्ट्झलर नावाच्या अमेरिकन सर्जनने 1919 मध्येच लिहून ठेवलं होतं की पेरिटोनियमची जखम कातडीसारखी कडेकडून भरत येत नाही, ती सगळीकडे एकदम भरते. म्हणून मोठ्या जखमेला आणि लहान जखमेला वेळ साधारण सारखाच लागतो, आठवड्याच्या आसपास. दुसरे लंडनचे हॅरॉल्ड एलिस. त्यांनी 1962 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पेरिटोनियमचा तुकडा कापून जागा उघडी सोडली तर ती बहुधा गुळगुळीत भरते, आणि टाके घालून ओढून बंद केली तर उलट तिथे जास्त चिकटतं, कारण ओढलेल्या टाक्यात अडकलेला भाग रक्ताविना तडफडतो. आम्हाला पदवीच्या वर्गात पेरिटोनियम नीट शिवायला शिकवलं होतं. मी ते मन लावून शिकलेही होते.

म्हणजे ठिगळाला दोन तोंडं हवीत. स्नायूकडच्या तोंडाने पटकन चिकटायचं, त्यात रक्तवाहिन्या शिरल्या पाहिजेत, नाहीतर ते परकं राहून गळतं. आतड्याकडच्या तोंडाने चिकटायचंच नाही. प्लास्टिकच्या जाळीला हा भेद कळत नाही. कंपन्यांनी एका बाजूला विरघळणारा थर दिलेल्या जाळ्या काढल्या आहेत, त्यांचा उपयोगही होतो, पण त्यांची किंमत ऐकली की म्हशीचा मालक म्हैस विकायचा विचार करेल.

आम्ही सुरुवात केली हृदयावरच्या पिशवीपासून. पेरिकार्डियम. कारण साधं आहे, निसर्गाने तिला दोन तोंडं दिलेलीच आहेत. आतून मेसोथेलियमची गुळगुळीत बाजू, बाहेरून तंतुमय खरखरीत. पातळ असते, ओढली तर सहज फाटत नाही, आणि फुकट मिळते. राज्यात 2015 पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यामुळे आमचा कच्चा माल म्हैसवर्गीय जनावरांचाच. पहाटे महापालिकेच्या कत्तलखान्यात बर्फाचा डबा घेऊन उभं राहायचं. हृदय बाहेर निघालं की पिशवी सोलून बाजूला पडते, ती उचलायची. पहिल्या दिवशी तिथल्या चाचांनी विचारलं, "मॅडम, ये दिल का परदा किस काम का? इसको तो कोई नहीं लेता." मी सांगितलं की पोटाला लावायचंय. त्यांनी मला नीट पाहून घेतलं. नंतर मात्र माझ्यासाठी सुरी न लागलेल्या, अखंड पिशव्या ते स्वतः बाजूला काढून ठेवायला लागले, आणि चरबी कुठल्या कडेने ओढली की एका झटक्यात निघते ते त्यांनीच दाखवलं. प्रयोगशाळेत चिमट्याने तेच करायला मला तासभर लागत होता.

आता या पिशवीतून म्हशीच्या पेशी काढायच्या आणि त्यांच्या भोवतालची कोलॅजन या तंतुमय प्रथिनाची वीण तेवढी ठेवायची. पेशी राहिल्या तर शरीर त्यांना परकं म्हणून ओळखणार. हे काम साबणाचं. सोडियम डोडेसाइल सल्फेट हा प्रयोगशाळेतला जबरा साबण. तो पेशी झटपट काढतो, पण त्याबरोबर वरच्या गुळगुळीत बाजूखालचा तलम थरही कुरतडतो, आणि आम्हाला तर नेमका तोच थर हवा होता, कारण नव्या पेशींना पाय रोवायला तीच जमीन. म्हणून आम्ही सोडियम डीऑक्सिकोलेट घेतलं. हे पित्तातल्या आम्लाचं क्षार, स्वभावाने मवाळ. त्याची खोड वेगळी. फुटलेल्या पेशींतला डीएनए बाहेर येतो आणि त्याचा बुळबुळीत शेंबूड होऊन पडद्याला धरून बसतो. हलवणाऱ्या यंत्रावर रात्रभर ठेवलेली बाटली सकाळी उघडली की आत भेंडीची बुळबुळ. मग डीएनए तोडणारं एन्झाइम घालायचं, मग पुन्हा धुवायचं.

धुणं हा या सगळ्यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि, माझ्या मते, सगळ्यात कमी लिहिला गेलेला भाग आहे. शोधनिबंधात असतं, 'भरपूर धुतले'. भरपूर म्हणजे किती? साबणाचा अंश राहिला तर वर पेरलेल्या नव्या पेशी त्याच साबणाने मरतात. आम्ही एक गावठी चाचणी ठरवली होती. शेवटच्या धुण्याचं पाणी झाकणाच्या नळीत घ्यायचं, जोरात हलवायचं आणि उजेडासमोर धरायचं. कडेला फेसाची एक बारीक रेघ जरी राहिली तरी पुन्हा धुवायला टाकायचं. यंत्रावरची मोजमापं नंतर केली, पण फेसाच्या रेघेने मला कधी फसवलं नाही.

पेशी खरंच गेल्या का, याचा निकष मात्र जगभर ठरलेला आहे. पिट्सबर्गच्या बॅडिलाक यांच्या गटाने 2011 मध्ये तो मांडला. वाळवलेल्या एक मिलिग्रॅम ऊतीत 50 नॅनोग्रॅमपेक्षा कमी डीएनए, उरलेल्या डीएनएचे तुकडे 200 बेस-जोड्यांपेक्षा आखूड, आणि रंगवलेल्या काचपट्टीवर एकही केंद्रक दिसता कामा नये. हेच बॅडिलाक 1980च्या दशकात डुकराच्या लहान आतड्याच्या थरापासून ठिगळं बनवायच्या मागे लागले होते. आपल्याकडेही हे काम नवं नाही. बरेलीजवळच्या इज्जतनगरला, भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत, जनावरांच्या अंतर्गळासाठी पेशी काढलेल्या ऊतींवर बरीच वर्षं काम चाललंय. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून केलेल्या जखमेच्या ड्रेसिंगला 2023 मध्ये केंद्राची मान्यताही मिळाली.

धुऊन निघालेला पडदा पांढराशुभ्र, ओल्या मलमलीसारखा दिसतो, आणि इथे एक भलतीच अडचण येते. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. ज्या दोन तोंडांसाठी एवढा खटाटोप केला ती डोळ्यांना ओळखू येत नाहीत. म्हणून कत्तलखान्यातून आणल्याआणल्या, ओळख पटतेय तोवरच, मी प्रत्येक तुकड्याचा गुळगुळीत बाजूने पाहताना वरचा उजवा कोपरा कातरत असे. पुढे ऑपरेशनच्या टेबलापर्यंत तो कातरलेला कोपरा हाच पासपोर्ट.

पेशी सशाच्या. प्रयोगाचे प्राणी ससे असल्यामुळे ठिगळावर पेरायच्या मेसोथेलियल पेशीही सशाच्याच हव्यात. त्या ओमेंटममधून, म्हणजे आतड्यांवर पसरलेल्या चरबीच्या जाळीतून काढतात. इथे मी आणि सर बरेच दिवस भांडलो. ज्या सशाला ठिगळ लावायचं त्याच्याच पेशी घेतल्या तर शरीर त्यांना नाकारणार नाही. पण त्यासाठी त्याचं पोट आधी एकदा उघडावं लागणार, आणि पोट उघडणं म्हणजेच अ‍ॅडहेजनला आमंत्रण. नंतर जे चिकटलेलं सापडेल ते पहिल्या ऑपरेशनचं की दुसऱ्याचं, कसं सांगणार? शेवटी दुसऱ्या सशाच्या पेशी घ्यायचं ठरलं. सरांनी त्यात एक फार सुंदर गोष्ट घातली. पेशी नराच्या घ्यायच्या आणि ठिगळ माद्यांना लावायचं. पुढे केव्हाही ठिगळाचा तुकडा काढून वाय गुणसूत्रावरचं जनुक तपासलं की कळेल, पेरलेल्या पेशी अजून आहेत की नाहीत. मादीत वाय येणार कुठून?

ओमेंटमचा तुकडा ट्रिप्सिनमध्ये, म्हणजे पेशींची पकड सोडवणाऱ्या एन्झाइममध्ये, 37 अंशांवर थोडा वेळ हलवला की वरच्या पेशी सुटून येतात. जास्त वेळ ठेवला तर खालच्या तंतुपेशीही येतात, आणि त्या तणासारख्या फोफावतात. सशाचं ओमेंटम असतंही चिमूटभर. चांगल्या पेशी तळाला चिकटल्या की दोन-तीन दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली फरसबंदी दिसायला लागते, बहुकोनी, एकमेकींना खेटून. बघत बसावं असं दृश्य. रंगवून खात्री करायची असते. केरॅटिन आणि व्हिमेंटिन ही दोन्ही प्रथिनं एकाच पेशीत सापडली तर ती बहुधा आपलीच. रक्तवाहिनीच्या आतल्या पेशीही दिसायला अशाच असतात, पण त्यांच्यात केरॅटिन नसतं.

ही फरसबंदी टिकत नाही. तीन-चार वेळा एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वाढवली की पेशी लांबट व्हायला लागतात, चातीसारख्या, आणि वंगण सोडायच्या ऐवजी कोलॅजन विणायला लागतात. म्हणजे ज्या व्रणाला अडवायला आणल्या, त्याच व्रणाच्या कारागीर होतात. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांच्या पडद्यात हेच घडतं, हे 2003 मध्ये स्पेनच्या संशोधकांनी दाखवलं. त्यामुळे आमचा नियम होता, दुसऱ्या पिढीच्या पुढे जायचं नाही. पेशी कमी पडल्या तर ठिगळ लहान करायचं, पण म्हातारी पेशी वापरायची नाही.

त्यात पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये इन्क्युबेटरमध्ये, पेशी वाढवायच्या उबदार पेटीत, बुरशी शिरली आणि सगळ्या बाटल्यांत कापूस उगवला. सगळं फेकून, पत्रा न् पत्रा पुसून पुन्हा सुरुवात. पेशी वाढवलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही.

सशांसाठी परवानगी आधीच घेतलेली होती. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती असते आणि प्रत्येक संस्थेत तिच्या नियमाने चालणारी आचार समिती. तिथे एका सदस्यांनी विचारलं, हे काचेच्या भांड्यात का दाखवता येत नाही? प्रश्न रास्त होता. चिकटतं का हे पाहायला सरकणारं आतडं लागतं, वाहणारं फायब्रिन लागतं. भांड्यात ते नाही. पण त्यांच्या आग्रहामुळे आम्ही एक गट वगळला आणि वेदनाशामकाचं वेळापत्रक पक्कं केलं, तेही बरंच झालं.

गट असे ठरले: काहींना नेहमीची पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकची जाळी, काहींना नुसता धुतलेला पडदा, काहींना पेशी पेरलेला पडदा. पोटाच्या भिंतीचा स्नायूसकट तुकडा काढायचा आणि त्या जागी ठिगळ.

सशाचं ऑपरेशन म्हशीपेक्षा अवघड वाटेल असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. ससा उलटी करू शकत नाही, म्हणून त्याला आदल्या रात्री उपाशी ठेवायचं नाही. ठेवलं तर आतडीच थंडावतात. कातडी इतकी पातळ की केस काढताना मशीन जरा आडवं धरलं तर फाटते. आत उघडल्याबरोबर समोर भलंमोठं अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याची एका टोकाला बंद पिशवी, फुगून उभं. आम्ही पावडरवाले हातमोजे वर्ज्य केले होते. त्या पावडरीचे कण पोटात पडले की त्यांच्याभोवतीच गाठी आणि अ‍ॅडहेजन होतात. अमेरिकेने 2017 मध्ये असे मोजे बंदच केले. आपल्याकडे स्वस्त म्हणून अजून दुकानात मिळतात.

पेरलेलं ठिगळ इन्क्युबेटरमधून टेबलापर्यंत आणणं हा एक सोहळाच. चौरस सेंटीमीटरला साधारण लाखभर पेशी पेरून, त्या जुळून एकसलग झाल्यावर, ते ऊबदार डब्यात माध्यमासकट, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवासकट, यायचं. बायोटेक विभागातून ऑपरेशन थिएटरपर्यंतचा जिना उतरताना मी डबा पोटाशी धरायची आणि वाटेत कोणी नमस्कार केला तरी मान हलवायची नाही. खरी परीक्षा त्यानंतर. एकाच पदराची ती पेशींची पाती, बोट घासलं तरी निघते. चिमटा मध्यभागी लावायचा नाही, स्पंजने टिपायचं नाही, आतड्यावरून ओढत न्यायचं नाही. चार कोपऱ्यांना चार दोरे आधीच घालून घ्यायचे, कातरलेला कोपरा पाहून तोंड आतड्याकडे आहे ना याची मोठ्याने खात्री करायची, आणि ठिगळ वरून पालखीसारखं उतरवायचं. टाक्यांच्या गाठी सगळ्या बाहेरच्या, स्नायूच्या बाजूला. आतड्याकडे राहिलेली एक गाठसुद्धा चिकटायचं निमित्त होते. गाठ बाहेर आणायला मनगट उलटं फिरवावं लागतं, आणि सशाच्या एवढ्याशा पोटात ते फिरवायला जागा नसते. पहिल्या काही ऑपरेशनांनंतर माझा अंगठा रात्रभर दुखायचा.

निकाल पाहायचे दिवस ठरलेले होते, काही सशांचे आठवड्याने, काहींचे महिन्याने. उघडून मोजायचं काय? ठिगळाच्या किती भागाला चिकटलंय, आणि किती घट्ट: बोटाने सुटतं, कात्रीने सुटतं, की सुटतच नाही. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा म्हणून हे काम दुसऱ्या विभागातल्या एका सरांनी केलं. जाळीचं अपेक्षेप्रमाणे झालं, अंधांत्र घट्ट धरलेलं. नुसत्या धुतलेल्या पडद्याने मला चकित केलं. त्याला चिकटलं होतं, पण बहुतेक कडांना, टाक्यांच्या ओळीवर, आणि पुष्कळसं बोटाने सुटणारं. पेरलेल्या पडद्याचा मधला भाग ओला, चकचकीत, मोकळा होता. कडा त्याच्याही पूर्ण मोकळ्या नव्हत्या. आमचा प्रयोग लहान होता, त्यामुळे पहिल्या दोघांतला फरक ठणकावून सांगता आला, दुसऱ्या-तिसऱ्यातला सांगताना प्रबंधात शब्द जपून वापरावे लागले.

मग वाय जनुकाची तपासणी. आठवड्याच्या तुकड्यांत त्या जनुकाची पट्टी ठळक आली, म्हणजे नराच्या पेशी हजर. महिन्याच्या तुकड्यांत ती जवळजवळ पुसली गेली होती. पण त्याच महिन्याच्या तुकड्याची काचपट्टी पाहिली तर वरती मेसोथेलियमचा अखंड पदर! कोणाचा? मादीचा स्वतःचा. आणि नुसत्या, न पेरलेल्या पडद्यावरही मधोमध तसाच पदर आलेला होता.

मी दोन दिवस तोंड पाडून बसले. एवढ्या कष्टाने वाढवलेल्या पेशी महिनाभरही राहिल्या नाहीत, आणि त्यांच्याविनाही शरीराने आपलं अस्तर घातलंच. सर म्हणाले, "हर्ट्झलर पुन्हा वाच." तेव्हा ते जुळलं. पेरिटोनियमला आपण बांधून द्यायची गरजच नाही, नीट जमीन मिळाली तर तो स्वतः आठवड्याभरात येतो. धोका असतो तो येईपर्यंतच्या दिवसांत, उघड्या जमिनीवर फायब्रिन साचतं तेव्हा. पेरलेल्या पेशी हव्यात त्या तेवढ्या दिवसांपुरत्या, फायब्रिन विरघळवत ठेवायला. पुढे त्या मेल्या काय, शरीराने हाकलल्या काय. आम्ही ज्याला जिवंत अस्तर म्हणत होतो ते अस्तर नव्हतंच, मालक येईपर्यंतचे भाडेकरू होते. या क्षेत्रातल्या पुष्कळ लेखनात पेशी टिकल्याचा फोटो यशाचा पुरावा म्हणून छापतात. मला आता त्या फोटोचं फारसं काही वाटत नाही. पहिल्या आठवड्यात फायब्रिन किती विरघळलं ते दाखवा.

जपानमध्ये कुत्र्यांवर झालेल्या कामात वृषणाच्या आवरणातून घेतलेल्या, त्याच कुत्र्याच्या मेसोथेलियल पेशींची पाती करून लावली होती आणि अ‍ॅडहेजन कमी झाले होते. ती पाती आमच्यापेक्षा कितीतरी देखणी. पण म्हशीच्या गोठ्यात ते कोण करणार?

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक जुने सर्जन होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून दोन प्रश्न विचारले. पहिला: "म्हशीच्या पेशींवर जो अल्फा-गॅल नावाचा साखरेचा झेंडा असतो तो सशाच्याही पेशींवर असतो, माणसाच्या नसतो. मग तुमच्या सशाने हे ठिगळ मानून घेतलं यावरून माणसाबद्दल काय कळलं?" मी म्हटलं, "त्याबद्दल काहीच नाही, सर. म्हणून शीर्षकात मी माणूस आणलेला नाही." दुसरा प्रश्न मनाला लागला: "म्हशीचं ओमेंटम चांगलं चादरीएवढं असतं. तेच ओढून ठिगळाखाली पसरलं तर? त्यावर मेसोथेलियम आहे, रक्तपुरवठा आहे, शरीराचंच आहे, आणि इन्क्युबेटर लागत नाही." बऱ्याच सर्जनांची ही जुनी रीत आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर एवढंच होतं की जिथे ओमेंटम पोचतं तिथे तेच करावं. शिंगाची जखम कुशीत, मागे असली की ते पोचत नाही, किंवा आधीच्या दुखण्याने गोळा होऊन बसलेलं असतं. त्यांनी मान डोलावली आणि चहा मागवला.

आता मी पुन्हा तालुक्यात आहे. अंतर्गळाची पिशवी आतून मोकळी असेल, आतडं सहज मागे जात असेल, तर ती न उघडताच आत ढकलायची आणि जाळी वरून बसवायची, ही शिकवण पूर्वीही होती, पण आता ती उघडायला मला ठोस कारण लागतं. माझ्याबरोबर काम करणारे कंपाउंडर काका म्हणतात, "मॅडम शिकून आल्या आणि कमी कापायला लागल्या."

कॉलेजात माझ्यामागून आलेली मुलगी आता त्याच पडद्यावर काम करतेय, पण पेशींशिवाय. पेशी ज्या माध्यमात वाढल्या ते माध्यम, त्यात त्यांनी सोडलेल्या प्रथिनांसकट, धुतलेल्या पडद्यात मुरवून ती तो गोठवून कोरडा करते. पाकिटात ठेवता यावा, मिठाच्या पाण्यात भिजवला की वापरता यावा, एवढीच तिची अट आहे. फायब्रिन विरघळवण्याचा गुण कोरडा केल्यावर किती उरतो, हे ती सध्या भांड्यात तपासतेय. कातरलेला कोपरा तिनेही ठेवलाय. तो गुण पुरेसा उरला तरच आचार समितीकडे सशांसाठी अर्ज जाईल.